बागेच्या वळणात मावेल अशी गाडी: दीड वर्ष, दोन राज्यं आणि एक जुनी जिप्सी

जिप्सीचं आरसी कार्ड, म्हणजे नोंदणीचं कार्ड, ४ मार्च २०२५ला पोस्टाने घरी आलं आणि तेव्हाच ठरवलं होतं की आंब्याचा हंगाम उरकला की हे सगळं एकदा लिहून काढायचं. मी शोधत होतो तेव्हा परराज्यातली जुनी मारुती जिप्सी घेण्याबद्दल जे काही सापडायचं ते एकतर "सोप्पं आहे, एजंटला देऊन टाका" नाहीतर "अजिबात नादाला लागू नका". दोन्ही खरं नाही. किचकट आहे, पण होतं.

आधी गाडी का हवी होती ते सांगतो. आमची कलमं घराच्या वर डोंगराच्या उतारावर आहेत. रस्ता म्हणजे जुनी पाखाडी (पायवाट), नंतर कधीतरी रुंद केलेली, लाल मातीची, पावसाळ्यात वाहून जाणारी, दरवर्षी दिवाळीनंतर आम्ही भरून घेतो. बाकी सगळा रस्ता कसाबसा चढता येतो, अडचण एकाच जागी आहे. पाण्याच्या टाकीखाली एक वळण आहे ते जवळजवळ उलटं फिरतं, आतल्या अंगाला चिऱ्यांचा गडगा, म्हणजे दगडी बांध, आणि बाहेरच्या अंगाला सरळ व्हाळ, म्हणजे ओढा. गडगा आमचा नाही, चुलत काकांचा. तो दोन हात मागे घेतला तर छोटा टेम्पोसुद्धा जाईल, पण काकांशी आमचं सातबाऱ्यावरून कितीतरी वर्षं बोलणं नाही, त्यामुळे तो विषय घरात निघतच नाही. इतकी वर्षं आंबे गड्यांच्या डोक्यावरून खाली आले. आता गडी मिळत नाहीत, मिळाले तर वर चढायला तयार नसतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

तर नोव्हेंबर २०२३मध्ये विषय निघाला गाडीचा. मित्राची महिंद्रा थार होती, २०२०नंतरची नवी, ती आधी नेऊन बघितली. ताकदीचा प्रश्नच नव्हता, पण थार १८२० मिमी रुंद आहे, आरसे मिटून सुद्धा गडग्याला घासली आणि मित्राचा चेहरा बघून मीच म्हटलं बाबा, घे मागे. फोर्सच्या गुरखाची तीन दारांची मिळते पण ती पण तेवढीच अंगाने भरलेली. मग मारुतीची जिम्नी. जूनमध्येच बाजारात आली होती, १६४५ मिमी रुंद, म्हणजे थारपेक्षा जवळपास वीतभर बारीक, मला तर कागदावरच आवडली होती.

शोरूमवाले टेस्ट ड्राइव्हची गाडी आमच्या पाखाडीवर काही देणार नव्हते. बाबांनी युक्ती काढली. बांबू तोडून जिम्नीच्या मापाचा चौकोन बांधला, ३९८५ बाय १६४५, चार कोपऱ्यांना चार माणसं, आणि तो सांगाडा खांद्यावर घेऊन वळणातून फिरवला. अगदी शिमग्याची पालखी. आरामात निघाला! मी खूश. तर बाबा म्हणाले, "पालखी आडवी सरकते रे, गाडी सरकते का?" मुद्दा बरोबर होता. मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने येत नाहीत, ती आतून कापत येतात, आणि दोन्हींमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, जेवढं जास्त तेवढी जास्त आतून कापतात. आमच्याकडे आत गडगा. म्हणजे गडगा वाचवायला गाडी बाहेर काढायची, आणि बाहेर व्हाळ.

पंधरा दिवसांनी ओळखीतल्या एकाची जिम्नी खरंच वर आली (बदल्यात हंगामात दोन पेट्या कबूल केल्या). तीनदा मागे-पुढे करून निघाली, आणि तिसऱ्या वेळी मागचं बाहेरचं चाक कडेपासून चार बोटांवर होतं. मी खाली उभा राहून हात दाखवत होतो आणि माझाच घसा कोरडा. आंब्यांचे क्रेट भरून हे रोज सहा वेळा करायचं म्हणजे एक दिवस कोणीतरी व्हाळात जाणार.

इथून पुढचे तीन महिने माझे ज्या शोधात गेले त्याबद्दल थोडा राग अजून आहे. जिम्नीची मूळ गाडी तीन दारांची आहे. तिचा व्हीलबेस २२५० मिमी, आपल्याकडे मिळते त्या पाच दारांच्या गाडीचा २५९०. वळायला लागणारी त्रिज्या तिची ४.९ मीटर, पाच दारांची ५.७. माझ्या वळणाला नेमकी तीच हवी होती. आणि ती आपल्याच देशात बनते! गुरुग्रामला. जानेवारी २०२१मध्ये पहिल्या १८४ गाड्या मुंद्रा बंदरातून लॅटिन अमेरिकेला गेल्या, कोलंबिया, पेरू वगैरे. म्हणजे पेरूतल्या डोंगरातल्या शेतकऱ्याला गुरुग्रामची छोटी जिम्नी मिळते आणि मला नाही. ऑस्ट्रेलियात दोन्ही मिळतात. युरोपात वेगळंच त्रांगडं, तिथे कार्बनच्या नियमांपायी ती मागची सीट काढून दोन माणसांची मालवाहू म्हणून विकायची वेळ आली. मला तर तशीच चालली असती, मागे क्रेटच ठेवायचे होते.

दोन शोरूममध्ये विचारलं, कंपनीच्या ग्राहक सेवेला मेल टाकली, उत्तर आलं की सध्या असा विचार नाही, आणि वर पाच दारांच्या गाडीची ऑफर. डिसेंबर २०२३मध्ये जिम्नीची थंडर एडिशन १०.७४ लाखांपासून आली होती, त्यामुळे सेल्समन रोज फोन करायचा. त्याला वळणाबद्दल सांगितलं की म्हणायचा, "सर, फॅमिलीला पाच दारंच बरी पडतात." त्याचं म्हणणं चूक नाही, बहुतेक लोक गाडी फॅमिलीसाठी घेतात आणि मागच्या सीटवर चढायला दार हवं असतं. शिवाय करात पण या छोटीला काही सवलत मिळाली नसती, आपल्याकडे छोट्या गाडीचा कमी कर हवा तर लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत लागतं, जिम्नीचं १४६२ आहे. म्हणजे तिला आणखी आखूड केली तरी कर तेवढाच. कंपनीचा हिशेब मला कळतो. पण कळून माझे आंबे खाली येत नाहीत.

स्वतः आयात करायचा विचारसुद्धा केला, हसू नका. एका कस्टम्सच्या एजंटशी तासभर बोललो. नवीन गाडीवर ड्युटी आणि वरचे कर मिळून किंमत दुपटीच्या पुढे जाते. जुनी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, स्टेअरिंग उजवीकडे हवं, आणि मुंबई बंदरातूनच यायला हवी. थोडक्यात गुरुग्रामहून निघालेली गाडी जग फिरवून परत आणायची आणि तिच्यावर दुप्पट पैसे भरायचे. एजंटच म्हणाला, साहेब सोडा. त्याने फी पण घेतली नाही.

२०२४चा हंगाम परत डोक्यावरून गेला. जूनमध्ये आमचे मिस्त्री, जे गेली पंचवीस वर्षं आमचा पंप आणि पॉवर टिलर बघतात, त्यांनी विचारलं, "जिप्सी का नाही बघत?" जिप्सी माझ्या डोक्यात पोलिसांची गाडी म्हणून होती. मापं काढली तर रुंदी १५४० मिमी! जिम्नीपेक्षा पण दहा सेंटीमीटर कमी. व्हीलबेस २३७५. गंमत म्हणजे जिप्सी पण काही खरी आखूड गाडी नाही, सुझुकीची मूळ छोटी जीप २०३० मिमी व्हीलबेसची होती, १९८५ला आपल्याकडे आली ती तिची लांब बहीण. म्हणजे तेव्हापासून आपल्याला लांबच देतायत. वळायला तिला जागा काही कमी लागत नाही, पण बारीक आहे, हलकी आहे, आणि गडग्याला एखादा ओरखडा गेला तर रडू येणार नाही. बाबांचं मत पडलं की गाडी वळणाला आवडली पाहिजे, तुला आवडून काय उपयोग.

जिप्सी २०१९ला विक्रीतून बंद झाली, त्यामुळे जुनीच घ्यायची. आणि जुन्यांच्या बाजारात तीन जाती आहेत. एक, शौकिनांच्या, मोठे टायर, विंच, लाइटांची माळ, किमती ऐकून चक्कर येते. दोन, लष्कराच्या लिलावातल्या. यात चांगल्या गाड्या असतात असं म्हणतात, पण मला जो दलाल भेटला तो फोटो रोज पाठवायचा आणि लिलावाचे कागद मागितले की "उद्या देतो". सात वेळा उद्या झालं, मी नाद सोडला. लिलावाचा मूळ कागद हातात येईपर्यंत एक रुपया देऊ नका एवढंच सांगेन. तिसरी जात, कुणीतरी शेतासाठी किंवा हौसेने घेतलेली आणि आता दारात उभी असलेली. मला ती हवी होती.

जून ते सप्टेंबर अशा अकरा बघितल्या, त्यातल्या सात फक्त फोनवर. गाडीच्या पोटाखाली झोपल्याशिवाय जिप्सी घेऊ नका. वरून रंग मारून चकाचक करतात, खाली चेसिस, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, पत्र्यासारखी सोललेली. एका गाडीच्या चेसिसवर मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हर नुसता टेकवला तर आत गेला. किनाऱ्याजवळच्या गाड्या तर बघूच नयेत, म्हणूनच मी कोरड्या हवेतली शोधायला लागलो आणि बेंगळुरूची सापडली.

२०१२ची जिप्सी किंग, १२९८ सीसी, हार्ड टॉप, दुसऱ्या मालकाकडे. २८ सप्टेंबरला मी आणि मिस्त्री रात्रीच्या बसने गेलो. मालक साठीचे, निवृत्त, मुलगा परदेशात, कधीकाळी कॉफीच्या मळ्यावर जायला घेतलेली. मिस्त्रींनी तीन तास घेतले. दुसरा गिअर जरा कुरकुरत होता, लीफ स्प्रिंग दमलेल्या, पण चेसिस ठणठणीत. फोर व्हीलचा दुसरा दांडा चारही जागांवर नीट पडत होता. पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे हब बसवलेले, म्हणजे फोर व्हील लावायची तर आधी खाली उतरून दोन्ही हब फिरवा आणि मग आत येऊन दांडा ओढा. मला ते आवडलं, विसरलो तर माझीच चूक. किंमत ४,१०,०००वर ठरली. २०,००० टोकन दिलं, बाकीचे एनओसी (ना-हरकत दाखला) हातात आल्यावर. ही अट लिहून घेतली आणि हे मी केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम. आणि हो, एवढ्या जुन्या गाडीला मी विचारलं त्या दोन्ही बँकांनी कर्जाला सरळ नाही म्हटलं, पैशांची सोय आधी बघा.

आता कागद. घाई असेल तर वरचं सोडून इथून वाचा.

दुसऱ्या राज्यातली गाडी इथे आणून बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथला नंबर घ्यावाच लागतो. त्यासाठी तिथल्या आरटीओची एनओसी लागते, फॉर्म २८. एनओसी गाडीच्या मालकाने तिकडे काढायची असते, आपण नाही, म्हणून विकणारा माणूस सहकार्य करणारा हवा. माझे बेंगळुरूचे काका (गाडीच्या मालकांना आता काकाच म्हणतो) तसे होते, नाहीतर मी तिथेच संपलो असतो.

पहिला धक्का, परिवहनच्या साइटवर गाडीवर अजून बँकेचा बोजा दिसत होता. कर्ज पहिल्या मालकाने काढलेलं आणि कधीच फेडलेलं, पण आरसीवरून नाव कुणी काढलंच नव्हतं. त्यासाठी बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. काकांकडे पत्र होतं पण बरंच जुनं, आणि अशी पत्रं साधारण तीन महिनेच चालतात, ताजं आणा म्हणाले. ती शाखा मधल्या काळात दुसऱ्या शाखेत विलीन झालेली, रेकॉर्ड कुठे गेलं कुणाला माहीत नाही. पाच आठवडे गेले. काका आठवड्यातून दोनदा जायचे आणि मला फोन करून इंग्रजी, हिंदी आणि थोडं कन्नड मिसळून शिव्या ऐकवायचे, मला नाही, बँकेला. दिवाळी त्यातच गेली. तेव्हा टोकन देण्याआधी गाडीचा नंबर टाकून चार गोष्टी बघाच: बोजा आहे का, चलन थकलेत का, इन्शुरन्स कधी संपतो, आणि नोंदणी कधीपर्यंत आहे. आमच्यावर दीड हजाराची चलनं निघाली, ती काकांनी भरली.

दुसरा धक्का ओटीपीचा. ऑनलाइन अर्ज करायला गेलो तर ओटीपी पहिल्या मालकाच्या नंबरवर, आणि तो नंबर बंद. आधी मोबाइल नंबर बदलायचा वेगळा अर्ज. चार दिवस.

एनओसीचा अर्ज ११ नोव्हेंबरला पडला. गाडी चोरीची नाही हे दाखवणारा एनसीआरबीचा (गुन्ह्यांची नोंद ठेवणारं केंद्रीय खातं) अहवाल ऑनलाइनच निघतो, तो मी इथूनच काढून पाठवला. एनओसी ६ डिसेंबरला मिळाली. त्यावर तुमच्या आरटीओचं नाव बरोबर लिहिलंय ना ते तिथेच उभं राहून वाचा, नुसतं महाराष्ट्र असून चालत नाही. सोबत फॉर्म २९ आणि ३० वर काकांच्या सह्या, दोन-दोन प्रती, आणि मी तीन-तीन घेतल्या कारण सही थोडी जरी वेगळी वाटली तरी परत बेंगळुरू. आणखी एक गोष्ट मागितली जी कोणी सांगत नाही, गाडीचं २०१२चं मूळ बिल. इथला कर तुम्ही किती पैसे दिले त्यावर नाही, तर गाडीच्या मूळ किमतीवर आणि वयावर काढतात. काकांकडे पहिल्या मालकाची अख्खी फाइल होती, देव भलं करो.

१४ डिसेंबरला बाकीचे पैसे ट्रान्सफर केले आणि निघालो. तुमकूर, चित्रदुर्ग, रात्री हुबळी. जिप्सी हायवेवर सत्तरला सुखी, ऐंशीला बोलायला लागते, नव्वदला मी नेली नाही. पॉवर स्टेअरिंग नाही, एसी नाही, आणि मिस्त्री शेजारी बसून आवाज ऐकत, "हा डिफरन्शियलचा नाही, हा दाराचा आहे" असं सांगत. टोलसाठी काकांनीच त्यांचा फास्टॅग घरी पोचेपर्यंत राहू दिला, मी त्यांना पैसे यूपीआय केले, कारण तेव्हा टॅग नसेल तर रोखीत दुप्पट जायचे. दुसऱ्या दिवशी बेळगाव, आंबोली, घाटात धुकं. पेट्रोल ६,३०० रुपयांचं गेलं, साधारण दहाचं ॲव्हरेज. घरी आल्यावर पहिल्या आठवड्यातच इन्शुरन्स कंपनीला कळवलं, त्याला विक्रीपासून चौदा दिवसांची मुदत असते. काकांचा नो क्लेम बोनस त्यांच्याकडेच राहतो, तो आपल्याला मिळत नाही.

आरटीओबाहेर पहिल्याच एजंटने कर सोडून १८,००० सांगितले. मी म्हटलं एकदा स्वतः करून बघू, जमलं नाही तर आहातच तुम्ही. तो हसला. त्याच्या हसण्यामुळेच मी एकदाही परत त्याच्याकडे गेलो नाही, नाहीतर दोनदा मोह झाला होता. २३ डिसेंबरला अर्ज भरला, नव्या नंबरसाठी फॉर्म २७ आणि नावावर करायला २९-३०. ट्रान्सफर ३००, नवा नंबर ६००, कार्डाचे २००, वरचं किरकोळ, सगळी सरकारी फी दोन हजारांच्या आतच राहिली. पैसा जातो तो करात.

३ जानेवारीला गाडी तपासणीला नेली. निरीक्षक साहेबांनी एकदाच गाडीभोवती चक्कर मारली आणि म्हणाले, "बंपर काढा, टायर बदला, मग या." काकांनी पुढे लोखंडी बुलबार लावलेला आणि टायर मापाच्या बाहेरचे मोठे. राग आला, पण चूक आमची, बुलबारला २०१७पासून बंदी आहे आणि मूळ रचना बदललेली गाडी ते पास करणार नाहीत. मूळ माप २०५/७० आर १५. शोधून जुन्यातलेच बरे चार मिळाले, १४,००० रुपये. नंतर हेच टायर पाखाडीवर चांगले वाटले, गाडी खाली बसली आणि स्टेअरिंग हलकं झालं.

दोन आठवड्यांनी, १७ जानेवारीला, परत. या वेळी अडलं ते चेसिस नंबरपाशी. नंबर चेसिसवर ठोकलेला असतो आणि त्याचा पेन्सिलने छाप काढून अर्जाला चिकटवायचा असतो. आमच्या गाडीचा नंबर चाकाजवळ जुन्या काळ्या रंगाच्या आणि ग्रीसच्या थराखाली गायब. शेजारच्या गाडीवाल्याने उत्साहाने पॉलिश पेपर पुढे केला, मिस्त्री अक्षरशः ओरडले. नंबर घासून एक अक्षर जरी पुसट झालं तर गाडी संशयित होते आणि मग जे सुरू होतं ते संपत नाही. त्यांनी रॉकेलचा बोळा घेतला, दात घासायचा जुना ब्रश घेतला आणि वीस मिनिटं उकिडवे बसून एकेक अक्षर मोकळं केलं, दागिना धुवावा तसं. मग पातळ कागद, वरून पेन्सिल आडवी फिरवली, आणि एक एक आकडा कागदावर वर आला. मला उगाचच भरून आलं. साहेबांनी बघितलं, बिलाशी ताडलं, पास. ब्रश आणि रॉकेल घरूनच घेऊन जा.

कर २२,३०० बसला. तो भरल्यावर सर्व्हर दोन दिवस बंद, मग २७ जानेवारीला मेसेज, नवा नंबर आला. नंतर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, ती फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात लागली, इन्शुरन्सवर नवा नंबर चढवला, माझ्या नावाचा नवा फास्टॅग. आणि ४ मार्चला कार्ड. त्यावर गाडीचा रंग चुकीचा असेल, नावात काना-मात्रा चुकली असेल तर लगेच सांगा, माझं बरोबर निघालं.

हिशेब एकत्र सांगतो: गाडी, दोन फेऱ्या, पेट्रोल, टायर, कर, फी आणि क्लच-ब्रेक-स्प्रिंगचं ३८,०००चं काम धरून पाच लाखांच्या किंचित वर गेले. आणि अजून संपलं नाहीये, २०२७ला पंधरा वर्षं होतील, तेव्हा नोंदणी नव्याने करायची, तेव्हाची फी आताच पाच हजार आहे आणि वर पर्यावरण कर. जुनी गाडी घेताना हे वर्ष आधी मोजा, मी मोजलं नव्हतं.

कर्नाटकात भरलेल्या लाइफटाइम टॅक्सचा उरलेला भाग परत मिळतो, पण तो त्यांच्याकडच्या मालकाच्या नावाने. हा पैसा कुणाचा हे सौदा करतानाच ठरवा. आम्ही काकांचा म्हणून ठरवलं, इथल्या आरसीची कॉपी त्यांना पाठवली, आणि ते आता त्यासाठी नव्या जोमाने तिथल्या ऑफिसात जातायत.

आणि वळण. ९ मार्चला पहिल्यांदा वर नेली. खाली उतरून हब फिरवले, फोर लो (चारही चाकं, वेग कमी आणि ताकद जास्त) टाकला, पहिल्या गिअरात सोडून दिली, पायाने काहीच करायचं नाही, ती स्वतःच चढते. वळणात एकदा थांबून हातभर मागे घ्यावी लागली, मग निघाली. एकदाच. बाहेरचं चाक कडेपासून दीड वीत. बाबा वर टाकीपाशी उभे होते, त्यांनी खाली येऊन चाकाच्या खुणा बघितल्या, वितीने मोजल्या आणि काही न बोलता परत वर गेले. तीन दारांच्या जिम्नीला तेही मागे घ्यावं लागलं नसतं, हे मला प्रत्येक वेळी आठवतं आणि प्रत्येक वेळी पेरूतल्या त्या माणसाचा हेवा वाटतो.

एप्रिलमध्ये रोज पाच-सहा फेऱ्या झाल्या. मागच्या समोरासमोरच्या सीट काढल्यावर क्रेट छान बसतात, फक्त दार बंद करताना शेवटच्या क्रेटला पोत्याचा तुकडा लावायचा नाहीतर आंबा दबतो. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी खाली येत होतो तर वळणात चुलत काका उभे. गडग्यावर हात ठेवून. मी गाडी थांबवली, कारण दुसरा मार्गच नव्हता. ते म्हणाले, "आमचे आठ क्रेट आहेत वर. एका फेरीत येतील काय?" म्हटलं येतील. आले. बाबांनी स्वतः उतरवून घेतले. गडग्याबद्दल अजून कोणी काही बोललेलं नाही.